विश्लेषण : जुने घर पाडायचे की उतरवायचे? वाड्याचे सागवान, विटा, कौले नव्या घरात कशी वापरता येतात?

गावाकडचे घर किंवा शहरातला वाडा पुनर्बांधणीसाठी निघाला की बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. ठेकेदार येतो, जेसीबी येतो आणि दोन-तीन दिवसांत जागा मोकळी होते. सागवानी तुळया, कोरीव चौकटी, बिडाचे गज जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे जातात. उरलेला राडारोडा डंपरमधून शहराबाहेर किंवा नदीकाठी. काही महिन्यांनी तेच कुटुंब नव्या घरासाठी दुकानातून प्लायवूडची दारे आणि नव्या विटा विकत घेते, तेही आपल्याच जुन्या लाकडापेक्षा कमी प्रतीचे. जुना माल वापरून घर नव्याने उभे करणे ही काही श्रीमंतांचीच हौस नाही. मात्र, त्याचा निर्णय नवे घर बांधताना नव्हे, तर जुन्या घराला पहिला हात लावण्याआधी घ्यावा लागतो.

पाडणे आणि उतरवणे यात फरक काय?

पाडताना घर एकाच ढिगात कोसळते. लाकूड चिरते, विटा फुटतात, कौलांचा चुरा होतो आणि सगळ्यात माती मिसळते. त्यातून भंगारवाल्याला उपयोगी पडेल तेवढेच वेगळे निघते. उतरवताना घर ज्या क्रमाने बांधले त्याच्या उलट क्रमाने मोकळे केले जाते. आधी विजेच्या तारा आणि नळ बंद करायचे, मग कौले, त्याखालच्या रिपा, वासे, मग आढे. त्यानंतर दारे-खिडक्या, कडीपाट, तुळया आणि शेवटी भिंती, वरून खाली, थरामागून थर. जोत्याचे दगड सर्वांत शेवटी.

हे काम हातांचे आहे. त्यात सुतार आणि गवंडी लागतात, केवळ बिगारी पुरत नाहीत. दोन दिवसांचे काम दोन-तीन आठवड्यांवर जाते. धोकाही असतो. छताचे आणि मजल्याचे लाकूड काढले की उंच भिंतींचा आधार जातो. शेजारच्या घराची भिंत सामायिक असेल तर काळजी दुप्पट. त्यामुळे आधी धीरे कुठे द्यायचे, हे अभियंत्याने जागेवर पाहून सांगणे आवश्यक ठरते.

जुनीच घरे का उतरवता येतात?

कारण ती तशीच बांधलेली आहेत. जुन्या सुतारकामात खांब आणि तुळई यांचा सांधा खिळ्यांवर अवलंबून नसे. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी मारली जाई. खुंटी काढली की सांधा सुटतो आणि दोन्ही लाकडे शाबूत राहतात. विटांमध्ये चुन्याचा दर्जा असे. चुना विटेपेक्षा मऊ असल्यामुळे हलक्या ठोक्याने सुटतो आणि वीट अखंड हाती येते. कोकणातला जांभ्याचा चिरा मातीत किंवा चुन्यात बसवलेला असेल तर तोही असाच निघतो. मातीच्या भिंतींची माती तर पुन्हा भिजवून, मळून वापरता येते.

सिमेंटचे तसे नाही. सिमेंटचा मसाला अनेकदा विटेपेक्षा कडक असतो, त्यामुळे सांध्याऐवजी वीटच तुटते. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या सिमेंटच्या घरापेक्षा शंभर वर्षांपूर्वीच्या चुन्याच्या घरातून अधिक माल निघतो. आज बांधलेली आरसीसीची इमारत उद्या पाडली, तर तिचे लोखंड वितळवता येते, काँक्रीट भरडून खडी करता येते. पण तिची भिंत कुणाच्या घरात पुन्हा भिंत म्हणून उभी राहत नाही. जुन्या घरांची ही सोय संपत चालली आहे आणि ती प्रत्येक घरातून एकदाच मिळते.

जुन्या लाकडाला एवढे मोल का?

सागाच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहज लागत नाही. जुन्या घरांतले लाकूड बऱ्याचदा पूर्ण वाढलेल्या, जंगलातल्या झाडांचे आहे. आज बाजारात येणारे बरेचसे सागवान लागवडीतले, कमी वयाचे असते. त्यात गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त. वाळवी आधी हेच पांढरे लाकूड धरते. शिवाय जुने लाकूड अनेक दशके वाळलेले असल्यामुळे ते नव्याने वाकण्याची, फाकण्याची शक्यता कमी असते.

मुंबई आणि कोकणच्या घरांत ब्रह्मदेशी सागवान मोठ्या प्रमाणावर आले. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्या व्यापारात होती. याच कंपनीच्या लाकूडतोडीवरून झालेला वाद १८८५ मध्ये इंग्रजांना युद्धाचे निमित्त म्हणून पुरला आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत आला. पुढे म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून लाकडाच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली. म्हणजेच, आजोबांच्या माजघरातली तुळई आज त्याच प्रतीत नवी विकत घ्यायची म्हटले तर सहजी मिळणारी नाही.

लाकूड कसे तपासावे, कसे मोजावे?

पहिली तपासणी टोकांची. तुळईची जी टोके भिंतीत गाडलेली असतात तिथेच ओल आणि वाळवी शिरते. जाड सुई किंवा स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर तेवढा भाग कापावा लागेल. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आतून पोखरलेले आहे. दुसरी तपासणी खाचांची. जुन्या सांध्याची खाच जिथे आहे तिथे लाकूड कमकुवत असते. अशी तुळई पुन्हा तुळई म्हणून वापरायची असल्यास ती खाच कुठे येते, हे अभियंत्याला दाखवावे.

लाकूड घनफुटांत विकले जाते. हिशेब सोपा आहे : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचे. १० फूट लांब, ८ इंच रुंद आणि ६ इंच जाड तुळई म्हणजे ३.३३ घनफूट. पण दोन्ही टोके सहा-सहा इंच कापली आणि चारही बाजूंनी पाव-पाव इंच रंधा मारला, तर हाती २.५८ घनफूट उरते. जवळपास पाव भाग कमी. जुने लाकूड खरेदी करताना भाव याच मापावर ठरवावा, कच्च्या मापावर नव्हे.

कापण्याआधी प्रत्येक खिळा काढणे महत्त्वाचे. एक विसरलेला खिळा करवतीचे पाते मोडतो आणि कामगाराला इजा करू शकतो. म्हणूनच अनेक करवत-गिरण्या जुने लाकूड घ्यायला नाखूश असतात. आपण खिळे काढून दिले आहेत हे आधी सांगितले तर काम सोपे होते.

विटा, कौले आणि फरशीचे काय?

दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यायला हवा. दुसरी चाचणी पाण्याची. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुन्हा वजन करावे. नेहमीच्या विटांसाठी भारतीय मानकानुसार वजनातली वाढ २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर ती बाहेरच्या भिंतीला नको. पांढरी फुले उमटणारी, क्षारांनी खाल्लेली वीटही बाजूला ठेवावी. एक घनमीटर वीटकामाला सुमारे ५०० विटा लागतात. त्यावरून आपल्याकडे निघालेला माल किती भिंतीला पुरेल, हे आधीच कळते. जुन्या विटांचा आकार नव्यांपेक्षा वेगळा असतो, म्हणून एका भिंतीत दोन्ही मिसळू नयेत. एक अख्खी भिंत जुनी, बाकीच्या नव्या, हा सोपा मार्ग.

मंगलोरी कौलांचे कारखाने मंगळूरमध्ये १८६० च्या दशकात बासेल मिशनने सुरू केले आणि नंतर पश्चिम किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटवलेले असते, ते पाहावे. दोन कारखान्यांची कौले एकमेकांत नीट अडकत नाहीत आणि पहिल्याच पावसात छप्पर गळते. १०० चौरस फूट छपराला साधारण १५० कौले लागतात. फुटीसाठी दहा टक्के जास्त ठेवावीत. एका बाजूच्या उताराला एकाच कारखान्याची कौले वापरली की प्रश्न सुटतो.

शहाबादी फरशी काढताना कडा तुटतात. त्या सरळ कापल्या की लहान मापाची फरशी मिळते. तुकडे अंगणात, पायवाटेला वापरता येतात. नक्षीच्या सिमेंट फरश्या मात्र पातळ असतात आणि खालच्या थराला घट्ट चिकटलेल्या असतात. त्यातल्या किती शाबूत निघतील, हे एक-दोन काढून पाहिल्याशिवाय नक्षीची आखणी करू नये.

काय अजिबात वापरू नये?

जुन्या काँक्रीटमधून निघालेल्या सळ्या पुन्हा काँक्रीटमध्ये घालू नयेत. त्या गंजलेल्या, एकदा वाकवून सरळ केलेल्या असतात आणि त्यांची ताकद सांगता येत नाही. जुन्या विजेच्या तारा, बटणे, गंजलेले नळ यांचेही तेच. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे कापणे, फोडणे, घासणे टाळावे. त्यातून उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत जातात आणि गंभीर आजारांना कारण ठरतात.

दारांवरचा जुना रंग हा दुर्लक्षित धोका आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी असावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक असते. रंग ओला करून खरवडावा, मास्क वापरावा, मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे आणि खरवड गोळा करून वेगळी बांधावी. शेकोटीत रंगवलेले लाकूड जाळणे तर सर्वांत वाईट.

खर्च खरोखर वाचतो का?

सरसकट नाही. माल स्वस्त पडतो, मजुरी महाग पडते. जुने दार फुकट मिळाले तरी ते मोकळे करणे, खिळे काढणे, तासणे, तुटकी बिजागरी बदलणे, तेल देणे यात सुताराचे दिवस जातात. स्वतःच्या घरातले सागवान, चौकटी, कौले आणि जोत्याचा दगड यांत बचत दिसते, कारण ते नव्याने घ्यायचे तर भाव मोठा आहे. विटांत बचत जेमतेम. बाजारातून कोरीव खांब, गणेशपट्टीची चौकट विकत आणायची म्हटली, तर खर्च नव्यापेक्षाही वाढू शकतो.

खर्च वाढवणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी आराखडा करून मग त्यात बसणारे जुने दार शोधणे. वाड्यातली दारे आजच्या मापाने ठेंगणी आणि रुंद असतात. ती नव्या मापाच्या मोकळीत बसवायला कापावी लागतात आणि मग त्यांचा अर्थच जातो. योग्य क्रम उलटा आहे : आधी दार, मग भिंत. हाती असलेल्या मालाची यादी मापांसह वास्तुरचनाकाराला द्यावी आणि आराखडा त्यावरून करावा.

ठेकेदाराशी आधी काय ठरवावे?

अनेकदा घर पाडण्याचा व्यवहार ‘माल तुमचा, जागा साफ करून द्या’ अशा तोंडी बोलीवर होतो. मालकाला वाटते, पाडकाम फुकटात झाले. प्रत्यक्षात त्याने मजुरी लाकडाच्या रूपाने दिलेली असते, तीही न मोजता. म्हणून बोली करण्याआधी घराची यादी करावी. खोलीनुसार दारे, खिडक्या, खांब, तुळया मोजाव्यात, छायाचित्रे काढावीत, प्रत्येक नगावर खडूने नव्हे तर पुसला न जाणाऱ्या रंगाने क्रमांक टाकावा. मालकाकडे काय राहणार, ठेकेदार काय नेणार आणि राडारोडा कुठे टाकणार, हे लेखी असावे.

ठेवायची जागाही आधी हवी. लाकूड जमिनीपासून विटांवर उचलून, थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती राहील असे रचावे. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळले तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. कोकणात हे काम दिवाळीनंतर काढून पावसाआधी माल छपराखाली जाईल, असा बेत करावा.

घर सामायिक असेल तर आणखी एक गोष्ट. जमिनीच्या वाटण्या कागदावर होतात, पण माजघराचा झोपाळा किंवा देवघराची चौकट कुणाची, हे कुठेच लिहिलेले नसते. भाऊबंदांत त्यावरून कटुता येते आणि शेवटी ‘कुणालाच नको’ म्हणून सगळे व्यापाऱ्याकडे जाते. यादी करताना नावे लिहून घेतली तर हे टळू शकते.

कायदा काय सांगतो?

बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले. त्यानुसार दिवसाला २० टनांपेक्षा जास्त किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि वीट-मसाला असे चार भाग वेगळे करायचे होते. त्यांच्या जागी २०२५ चे नियम अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यातली पुनर्वापराची विस्तारित जबाबदारी २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. एकट्या घराचा मालक त्यात येत नाही. मात्र रस्त्यावर, नाल्यात किंवा नदीपात्रात राडारोडा टाकण्याची मुभा त्यालाही नाही.

घर वारसा यादीत आहे का, हे पालिकेत आधी विचारावे. यादीतल्या वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. भाडेकरू असतील तर त्यांच्या हक्कांचा प्रश्न वेगळा. सागवान दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचे असेल तर वाहतूक परवाना लागतो का, याची चौकशी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात करावी आणि जुन्या घराची छायाचित्रे, मालकीचे कागद सोबत ठेवावेत.

असे काम कुठे झाले आहे?

केरळमध्ये लॉरी बेकर यांनी पाडलेल्या घरांची दारे, खिडक्या, कौले नव्या घरांत वापरली. तिरुअनंतपुरममधले त्यांचे स्वतःचे घर त्याचा नमुना आहे. नवी मुंबईत बेलापूरला ‘एस प्लस पीएस आर्किटेक्ट्स’ या संस्थेने रचलेल्या ‘कोलाज हाऊस’ची दर्शनी भिंत मुंबईतल्या पाडलेल्या घरांच्या दारा-खिडक्यांनी बनली आहे. चीनमधल्या निंगबो येथील संग्रहालयाच्या भिंतींत पाडलेल्या गावांच्या विटा-कौले आहेत. त्याचे रचनाकार वांग शू यांना २०१२ मध्ये वास्तुरचनेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. ठरावीक काळाआधीची घरे यंत्राने पाडायची नाहीत, हाताने उतरवायची, असा नियमच केला. सुरुवातीला तो १९१६ पर्यंतच्या घरांना होता, नंतर १९४० पर्यंतच्या घरांना लागू झाला. आपल्याकडे असा नियम नाही. पण घर उतरवू शकणारे सुतार-गवंडी अजून आहेत आणि तेही म्हातारे होत आहेत.

जुना माल विकत घेणे नेहमीच चांगले का?

मुंबईत जोगेश्वरीतला ओशिवरा बाजार किंवा चोर बाजार, तमिळनाडूत कारैकुडी इथे जुन्या चौकटी, खांब, झोपाळे मिळतात. मोडकळीला आलेल्या घरातला माल असा वाचत असेल तर चांगलेच. पण मागणी वाढली की चांगली उभी घरेही केवळ लाकडासाठी विकली जातात. नव्या बंगल्याच्या दर्शनी भागात लावलेला कोरीव खांब कुठल्या तरी धडधाकट वाड्यातून उपटून आणलेला असू शकतो. त्यामुळे विकत घेताना घर कुठले आणि का पाडले, हे विचारायला हरकत नाही.

म्हणून जुन्या घराच्या कामाचा क्रम असा ठेवावा : जे उभे राहू शकते ते उभेच ठेवावे आणि दुरुस्त करावे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊन ओल आत कोंडू नये, चुन्यानेच दुरुस्त करावे. जे उभे राहू शकत नाही ते उतरवून त्याच घरात वापरावे. तिथे जागा नसेल तर नात्यात, गावात द्यावे. बाजारातला जुना माल त्यानंतर आणि नवा माल सर्वांत शेवटी. एवढे करायचे असेल तर पाडकामाची तारीख ठरवण्याआधी एक फोन ओळखीच्या सुताराला करावा आणि त्याला घर एकदा दाखवून आणावे. जेसीबी येऊन गेल्यावर त्याला बोलावून उपयोग नसतो.